सत्ताविसाव्या पानावरचं काळं मेंढरू

"हात मागे!"

तो असा काही ओरडला, की ती दचकलीच. हातातले कागद निसटले आणि खोलीभर उडाले. पुढच्याच क्षणी कापायच्या यंत्राचं पातं खाली आलं आणि कागदाच्या जाड गठ्ठ्यातून लोण्यातून जावं तसं गेलं. तिची बाही त्या पात्यापासून चार बोटंही लांब नव्हती.

"मॅडम, पुस्तकाची कड कुठली आणि माणसाचं मनगट कुठलं, हे या यंत्राला कळत नाही," तो म्हणाला. आवाज चढलेला होता, आणि यंत्राच्या दांड्यावरचा हात त्याने अजून सोडला नव्हता.

"मी... मी फक्त तो कागद घेत होते."

"मागितला असतात तर मी दिला नसता का?"

तिने मान वर करून पाहिलं. बरीच वर करावी लागली, कारण माणूस उंचच्या उंच होता. उंच, सडपातळ आणि सरळसोट. पुस्तकबांधणीच्या जाड सुईसारखा, म्हणून छापखान्यात त्याला सगळे 'दाभण' म्हणायचे. नाव तिने ऐकलं होतं, पण माणूस पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहत होती. मनगटापर्यंत खळ लागलेली, कानामागे पेन्सिल, आणि डोळे... डोळे अजून घाबरलेलेच होते. तिच्यापेक्षा जास्त.

तिचं काम पुढच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर. छापायला जाणारं प्रत्येक पान वाचायचं आणि चुका काढायच्या. ऱ्हस्वाचा दीर्घ झालेला तिच्या नजरेतून सुटत नसे, म्हणून तिला नाव पडलं होतं 'कानामात्रा'. छापखान्याचे मालक सगळ्यांचेच मामा, पण तिचे मात्र सख्खे, आईचे धाकटे भाऊ. आणि हीच तिची दुखरी नस होती. 'मामांची भाची म्हणून खुर्ची मिळाली' असं पाठीमागे कुणीतरी म्हणालेलं तिने चार वर्षांपूर्वी ऐकलं होतं. तेव्हापासून ती एकेक पान तीन-तीनदा वाचत आली होती.

दाभणाने खाली बसून तिचे कागद गोळा केले, पानांचे आकडे बघत क्रमाने लावले आणि तिच्या हातात ठेवले.

"सगळे आहेत. मोजून घ्या."

"तुम्ही मोजलेत ना?" ती म्हणाली.

"मी मोजले. पण तुमचा विश्वास कुणावर बसत नाही, असं ऐकलंय."

 अंगण ओलांडून ती आपल्या टेबलाशी आली आणि कितीतरी वेळ हातातल्या कागदांकडे नुसती पाहत राहिली.

त्यानंतर तिला चहा अंगणातच प्यावासा वाटू लागला. अंगणात एक नळ होता आणि नेमक्या त्याच वेळी दाभणाला हाताची खळ धुवायची असे. योगायोग म्हणायचा, दुसरं काय!

तेव्हा छापखान्यात एका निवृत्त शिक्षकांचं पुस्तक चाललं होतं. त्यांना सगळे सर म्हणत. मुलांसाठी इंग्रजी वाक्प्रचार आणि त्यांचे मराठी अर्थ, असं ते पुस्तक. चाळीस वर्षांच्या शिकवण्याचा अर्क. दाभण छापून आलेल्या कागदांच्या घड्या घालता घालता ते वाचायचा. फर्मा म्हणजे सोळा पानं, सोळा पानं म्हणजे त्याचा एका दिवसाचा अभ्यास.

"कानामात्रा मॅडम, एक शंका आहे."

"विचारा."

"इंग्रजीत माणूस निळा झाला, तर त्याला काय होतं?"

"तो उदास असतो."

"आणि मराठीत निळा पडला तर?"

"तर त्याला साप चावलेला असतो."

तो इतका मोठ्याने हसला, की मामांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. ती कपातला चहा तसाच टाकून आत पळाली.

असे दोन महिने गेले. एक शंका, एक उत्तर, कधी नुसतंच एकमेकांकडे बघणं आणि घाईघाईने नजर वळवणं. पुस्तक छापून झालं, बांधून झालं. गुरुवारी बाराशे प्रती बांधणीच्या खोलीत रचून ठेवल्या गेल्या. पहिली प्रत मामांनी त्याच संध्याकाळी सरांच्या घरी पोचवली.

आणि शुक्रवारी सकाळी तिच्या टेबलावर एक चिठ्ठी होती.

शब्दकोशाखाली अर्धी सरकवलेली. इंग्रजीत, एकेक अक्षर सुटं काढून, वळणदार लिहिलेली. खाली सहीऐवजी चित्र—एक बारीकशी दाभण, नाकात ओवलेल्या दोऱ्यासकट.  तिने इकडेतिकडे पाहिलं आणि चिठ्ठी वाचली.

'यू आर द ब्लॅक शीप ऑफ धिस प्रेस. आय अ‍ॅम हॅपी आय मेट यू.'

तिने परत वाचली. मग तिसऱ्यांदा वाचली.

ब्लॅक शीप! कळपातलं काळं मेंढरू. कुळाला बट्टा लावणारं माणूस! या छापखान्याला लागलेला बट्टा म्हणजे ती? आणि तिची भेट झाली म्हणून याला आनंद होतोय?

तिच्या कानशिलांतून वाफा निघायला लागल्या. म्हणजे हाही त्यातलाच. मामांची भाची, फुकटची खुर्ची... दोन महिने नळाशी उभं राहून गोड गोड शंका विचारायच्या आणि शेवटी हे! ती ताडकन उठली, अंगण ओलांडलं आणि बांधणीच्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"हे तुम्ही लिहिलंत?"

दाभण पुठ्ठे मोजत होता. चिठ्ठी तिच्या हातात पाहिली आणि तो कानापर्यंत लाल झाला.

"हो... म्हणजे... हो. मीच."

"लाज नाही वाटली?"

"वाटली ना! तीन दिवस खिशात घेऊन फिरत होतो."

"आणि मग तीन दिवसांनी धीर आला?"

"आला." त्याने मान खाली घातली. "जे खरं आहे तेच लिहिलं. इथं सगळ्यांनाच तसं वाटतं. मामांना तर सगळ्यात जास्त."

 "मामांनाही? मामा असं म्हणाले तुम्हाला?"

"म्हणायला कशाला हवं? दिसतंच की."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते पाहून मात्र दाभणाच्या हातातले पुठ्ठे खाली पडले.

"मॅडम! अहो... रडताय कशाला? एवढं वाईट लिहिलं का मी? आवडलं नाही तर फाडून टाका, पण..."

"मी या छापखान्याला लागलेला बट्टा आहे, हे वाचून आवडेल मला?"

"बट्टा?" तो तिच्याकडे बघतच राहिला. "बट्टा कुठून आला? मी तर लिहिलं, तुम्ही गळ्यातला ताईत आहात! सगळ्यांच्या लाडक्या!"

तिने चिठ्ठी परत एकदा वाचली. 

"ब्लॅक शीप म्हणजे लाडकं?" ती सावकाश म्हणाली. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"पुस्तकाने."

त्याने वरची प्रत उचलली, सत्ताविसावं पान उघडलं आणि तिच्यापुढे धरलं. रंगांचे वाक्प्रचार. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी अर्थ.

ब्लॅक शीप: गळ्यातला ताईत, सगळ्यांचा लाडका.

ब्लू-आइड बॉय: मत्सराने जळणारा.

ग्रीन विथ एन्व्ही: कुणाचं मन राखायला बोललेलं निरुपद्रवी खोटं.

व्हाइट लाय: सरकारी कामातली दिरंगाई.

तिचे डोळे पांढरे झाले. बोट ओळीओळीवरून खाली सरकत गेलं. अचानक घडलेल्या गोष्टीपुढे सठीसामाशी घडणारी, संतापापुढे आनंद, आनंदापुढे भेकडपणा. उजवीकडचा प्रत्येक अर्थ एकेक घर वर सरकला होता. पान उलटलं, मागेही तेच. अडतीस वाक्प्रचार, त्यांतले सदतीस चुकीचे. शेवटचा तेवढा बरोबर होता.

"किती प्रती बांधल्यात?" तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

"सगळ्या. बाराशे."

ती तिथेच कागदाच्या गठ्ठ्यावर बसली. एका चिठ्ठीत दोन धक्के, आणि त्यातल्या कुठल्याने आधी हादरावं हेही तिला कळेना. तो तिला गळ्यातला ताईत म्हणाला होता. आणि ती, जिच्या नजरेतून एक वेलांटी सुटत नाही म्हणून जिला ताईत म्हणायचं, तिच्याच हातून सदतीस चुका छापून गेल्या होत्या.

आपल्याच हातून, हे अजून सिद्ध व्हायचं होतं. पुढच्या खोलीत जाऊन तिने जुन्या प्रूफांचा गठ्ठा उपसला. दुसरा फर्मा सापडला. शेवटून दुसऱ्या प्रुफात तिनेच 'कुळाला बट्टा लावणारा' ही पहिली ओळ खोडून समासात जास्त सोपा अर्थ लिहिला होता. टाइप करणाऱ्या काकूंनी खोडलेली ओळ काढली, पण नवी घालायची विसरल्या. म्हणून सगळे अर्थ वर सरकले आणि शेवटच्या वाक्प्रचारापुढची जागा रिकामी राहिली.

मग तिने अखेरचं प्रूफ काढलं. त्या रिकाम्या जागेपुढे लाल शाईत, तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'अर्थ सुटला आहे. घाला.' शेजारी अर्थही तिनेच लिहून दिला होता. खाली तिची सही.

वरचं तिने वाचलंच नव्हतं. भोक दिसलं, ठिगळ लावलं, सही केली.

असं कसं झालं? ती सहीखालची तारीख बघत राहिली आणि तिला तो दिवस आठवला. दुपार. खिडकीतून अंगण दिसत होतं. दाभण दोरीवर ओले पुठ्ठे वाळत घालत होता आणि मध्येच त्याने तिच्या खिडकीकडे पाहून, पुठ्ठ्याआडून, हात हलवला होता. प्रूफ समोर होतं आणि लक्ष... लक्ष कुठे होतं हे तिला पुरतं ठाऊक होतं. चोर रंगेहाथ सापडावा तशी ती स्वतःलाच सापडली.

मामांनी पान पाहिलं आणि मटकन खुर्चीत बसले.

"काकू!" ते ओरडले. "नवी ओळ घालायला काय झालं होतं तुम्हाला?"

काकूंची बोबडी वळली. तोंडाला पदर लावून त्या उभ्या राहिल्या. आता गप्प बसलं तरी चालून जाईल, असं तिच्या मनात क्षणभर आलं. नाही असं नाही. मामांनाही ते चाललं असतं.

"मामा, काकूंची चूक दुरुस्त करायलाच मी बसलेय," ती म्हणाली. "अखेरच्या प्रुफावर माझी सही आहे. मी न वाचता सही केली."

"तू?" मामा थक्क झाले. "तू न वाचता?"

"हो."

"बरं नव्हतं का तुला?"

"बरं होतं. लक्ष नव्हतं."

दारात दाभण उभा होता. त्याच्याकडे बघायचं तिने टाळलं, तरी तो आपल्याकडेच बघतोय हे तिला मानेवर जाणवलं.

"मामा," तो पुढे येऊन म्हणाला, "पुस्तक फाडावं लागणार नाही. सत्तावीस-अठ्ठावीस एकच पान आहे. तेवढं एक पान नवं छापा. जुनं मी कण्यापासून दोन-तीन मिलिमीटर सोडून कापतो, त्या पट्टीला खळ लावून नवं चिकटवतो. वाचणाऱ्याला कळणारही नाही."

"बाराशे प्रतींत? सर सोमवारी दुपारी न्यायला येणार आहेत!"

"शनिवार आहे. रविवार आहे. कापायला मी आहे, फक्त चिकटवायला कुणीतरी लागेल."

"मी आहे," ती म्हणाली.

पण सर सोमवारपर्यंत थांबले नाहीत. शनिवारी सकाळी, नवी पानं वाळायला पसरलेली असतानाच, ते काठी टेकत दारात आले. काखेत ती पहिली प्रत. छापखान्यात सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मामा खुर्ची द्यायला धावले. ती मात्र सरळ सरांपुढे जाऊन उभी राहिली.

"सर, सत्ताविसाव्या पानावर..."

"पाहिलं मी." सर खुर्चीत बसले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. "काल रात्री नातीला वाचून दाखवत होतो. ती म्हणाली, आजोबा, खोटं बोललं की सरकारी काम अडतं का?"

कुणालाच हसावं की नाही ते कळेना.

"ती चूक माझी आहे, सर."

"चाळीस वर्षं उत्तरपत्रिका तपासल्या मी. मुलांनी याहून भयंकर अर्थ लिहिलेत. 'व्हाइट एलिफंट' म्हणजे म्हातारा हत्ती, असं दर वर्षी निदान तिघं तरी लिहीत." सर हसले आणि मग गंभीर झाले. "पण ते उत्तरपत्रिकेत. पुस्तकात नको, बाई. मूल पुस्तकावर विश्वास ठेवतं. जे छापलंय ते खरंच असणार, असं मानून तसंच बोलायला जातं बिचारं."

तिच्या मागे दाभण जोरात खोकला.

शनिवार आणि रविवार ती दोघं समोरासमोर बसली. मध्ये लांब टेबल. त्याच्या हातात पातळ पात्याची सुरी, तिच्या हातात खळीचा ब्रश. तो पान कापायचा आणि पुस्तक सरकवायचा. ती पट्टीला खळ लावायची, नवं पान टेकवायची, बोटाने दाबायची. पहिल्या पन्नास प्रतींत तिने तीन पानं तिरकी लावली.

"घाई नको," तो म्हणाला. "पान आधी कण्याला टेकवा, मग सोडा. हं... आता बोट वरून खाली फिरवा. हळू." त्याने तिचं बोट धरून दाखवलं. खळ गार होती आणि हात ऊन.

"कळलं," ती म्हणाली. हात मात्र दोघांपैकी कुणीच पटकन काढून घेतला नाही.

शंभर झाली, दोनशे झाली. अंगणातलं ऊन दारातून आत येऊन पायांपर्यंत पोचलं आणि परत गेलं. कापता कापता तो नवीन पानावरचे खरे अर्थ वाचत होता आणि दर दोन ओळींमागे डोक्याला हात लावत होता.

"म्हणजे 'ब्लू-आइड बॉय' म्हणजे जळका माणूस नव्हे?"

"नव्हे. लाडका."

"अरे देवा! घरमालकाचा पोरगा माझ्या नव्या सायकलकडे बघत होता, तेव्हा त्याला म्हणालो मी. पोरगं खूश कसं झालं हेच मला कळेना!"

ती हसता हसता खळीत ब्रशऐवजी बोट बुडवून बसली.

"आणि ती चिठ्ठी..." तो सुरीकडे बघत म्हणाला. "ती परत द्या मला."

"का?"

"शिवी आहे ती."

"तुम्ही लिहिली तेव्हा शिवी होती का?"

"नाही."

"मग राहू दे माझ्याकडे."

त्याने मान वर केली नाही. पण त्यानंतरची दहा पुस्तकं त्याने इतक्या भराभर कापली, की तिच्यापुढे ढीग लागला.

रविवारी दुपारी तीन वाजता शेवटची दीडशे उरली होती. तेव्हा तो सहज बोलल्यासारखं बोलला,

"मला पाच वाजता निघायला हवं. साडेपाचची बस आहे."

"आज? कुठे?"

"मुलाखत आहे उद्या. विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुनी, जीर्ण पुस्तकं दुरुस्त करायचा विभाग आहे. दोनशे वर्षांपूर्वीची पुस्तकं, मॅडम! हाताने शिवलेली. मुलाखत इंग्रजीत होते म्हणे... म्हणून तर पाठ करत होतो सगळं."

तिचा ब्रश हवेतच राहिला. हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. अंगण, नळ, चहा, शंका—हे सगळं असंच चालू राहील, असं तिने न विचारताच धरून चाललं होतं.

"आणि उद्या मुलाखत असताना तुम्ही दोन दिवस इथे पानं कापताय?"

"बाराशे पुस्तकं होती. एकटीला जमलं नसतं तुम्हाला."

 ब्रश परत खळीत बुडवत ती घाईने म्हणाली, "अर्ज कुणी लिहून दिला?"

"मीच लिहिला. एक झकास वाक्यही घातलंय." तो खुलला. "आय हॅव रेड टेप इन माय हँड्स."

"काय?"

"हाताला गुण आहे माझ्या, असं..." आणि बोलता बोलताच त्याचा चेहरा उतरला. त्याने घाईने नवं पान ओढलं. रेड टेप. सरकारी कामातली दिरंगाई. हाताला गुण असणारा होता तो ग्रीन थंब, एक घर खाली. आणि तो गुणही झाडं फुलवण्यापुरता.

"म्हणजे मी त्यांना लिहिलंय, की माझ्या हाती दिलेलं काम कधी वेळेवर होत नाही?"

"साधारण... तसंच."

त्याने सुरी खाली ठेवली. "संपलं मग. कशाला जाऊ? हसतील."

"हसू देत." ती उठली, टेबलाला वळसा घालून त्याच्या शेजारी येऊन बसली. "बोलावलंय ना त्यांनी? ते वाक्य वाचूनही बोलावलंय. चला, पाच वाजायला अजून दोन तास आहेत. तुम्ही कापा, मी विचारते. आणि वाक्प्रचार विसरा सगळे. साधं बोला. तुम्ही काय करता, ते सांगा. सुरीला इंग्रजीत काय म्हणतात?"

पाच वाजता शेवटचं पुस्तक दाबाखाली गेलं. तो पिशवी खांद्याला लावून धावतच सुटला. ती दारात उभी राहिली. 'यश मिळो' म्हणायचं राहूनच गेलं.

सोमवारी सर बाराशे प्रती घेऊन गेले. मंगळवारी बांधणीची खोली बंद होती. ती अंगणात चहा घेऊन उभी राहिली आणि नळाकडे बघत तो गार करून बसली.

बुधवारी दुपारी तो आला. छपाईचं मोठं यंत्र सुरू होतं, भिंती थरथरत होत्या. ती धावतच अंगणात गेली आणि मग धावल्याची लाज वाटून सावकाश चालू लागली.

"काय झालं?"

"हसले!" तो मोठ्याने म्हणाला, यंत्राच्या वर आवाज जावा म्हणून. "रेड टेपवाला माणूस बघायचा होता त्यांना. म्हणून तर बोलावलं! इंग्रजीत दोनच प्रश्न. मग एक फाटकं पुस्तक हातात दिलं, हे कसं धराल दाखवा म्हणाले. मी धरलं. बस्स."

"बस्स म्हणजे?"

"म्हणजे एक तारखेला हजर व्हायचंय."

तिला आनंद झाला. खरंच झाला. आणि त्याच श्वासात तिने दिवस मोजले. एक तारखेला फक्त नऊ दिवस होते.

"अभिनंदन," ती म्हणाली.

"काय?"

"अभिनंदन!"

"ऐकू येत नाही!" त्याने कान पुढे केला.

तो हसत होता, आणि ते हसू नऊ दिवसांनी या अंगणात नसणार होतं. तिच्या मनात काय आलं कोण जाणे. चार वर्षं एकेक शब्द तीनदा तपासणारी ती मुलगी न तपासता, फुप्फुसातली सगळी हवा पणाला लावून ओरडली,

"मला तुम्ही आवडता!"

आणि नेमकं 'मला' म्हणताना यंत्र थांबलं.

उरलेलं वाक्य अंगणात, पुढच्या खोलीत, मागच्या खोलीत आणि बहुधा रस्त्यावरही लख्ख ऐकू गेलं. यंत्रावरचा माणूस कागद संपला म्हणून बटण दाबून उभा होता, तो तसाच उभा राहिला. खिडकीत काकू चहाचा घोट तोंडात धरून थिजल्या. आणि त्यांच्या शेजारी मामा, चष्मा कपाळावर, तोंड उघडं.

तिला वाटलं, आता जमीन दुभंगावी. पण जमिनी अशा मागितल्या वेळी दुभंगत नाहीत.

दाभण तर दगड झाला होता. 

"अरे, बोल की!" मामाच खेकसले. "पोरगी एवढी ओरडली, आता तुझी पाळी!"

"मी..." त्याने खिडकीकडे पाहिलं. "मामा, मी शुक्रवारीच लिहून दिलं होतं. फक्त अर्थ चुकला."

"मग आता बरोबर सांग!"

तो तिच्याकडे वळला. आवाज एकदम खाली आला, इतका की काकूंना खिडकीबाहेर वाकावं लागलं.

"त्या पहिल्या दिवशी, पातं खाली आलं ना... त्या रात्री झोपच आली नाही मला. सारखं वाटत होतं, मी ओरडलो नसतो तर? तोवर मला माहीतही नव्हतं, की कुणासाठी मी इतका घाबरू शकतो." त्याने हात पुढे केला आणि त्यावरची खळ बघून परत मागे घेतला. तिने तो तसाच, खळीसकट, धरला.

"काकू, तो चहा गिळा आता," मामा म्हणाले आणि चष्मा नाकावर घेत आत गेले. जाताना त्यांनी डोळे पुसले, की चष्मा नीट केला, ते कुणालाच नीट दिसलं नाही.

उरलेले दिवस बघता बघता गेले. एक तारखेच्या आदल्या दुपारी ती बसथांब्यावर आली होती. त्याच्याकडे एक ट्रंक, एक पिशवी आणि गुंडाळलेली गादी. गर्दी होती, ऊन होतं आणि बोलायचं इतकं होतं की दोघंही फालतूच बोलत होती. पाण्याची बाटली घेतली का? घेतली. खोली कुठे मिळाली? ग्रंथालयामागेच. खिडकी आहे का खोलीला? आहे, लहानशी.

"दर शनिवारी येईन," तो म्हणाला.

"पाच तासांचा रस्ता आहे."

"पाचच तर आहे."

वाहकाने घंटी मारली. तो चढला, खिडकीशी बसला, गजातून हात बाहेर काढला. बस हलली आणि तिच्या तोंडून निघून गेलं,

"पोचलास की फोन कर!"

पोचलास. कर. आजवर दोघं एकमेकांना 'तुम्ही' म्हणत आली होती. तिने जीभ चावली. त्यालाही ते ऐकू गेलं असावं, कारण तो खिडकीतून असा काही बाहेर झुकला, की वाहक त्याच्यावर ओरडला. मग बस वळणाआड गेली. धूळ खाली बसली. ती थोडा वेळ तिथेच उभी राहिली, मग वळून चालू लागली.

कोपऱ्यापर्यंतही पोचली नव्हती, तोच पर्समधला फोन वाजला.

"काय झालं?" ती घाबरून म्हणाली. "काही विसरलास का?"

"नाही," पलीकडून आवाज आला. मागे बसची घरघर होती. "मला एकदा परत 'पोचलास की फोन कर' म्हण. मग पुढचे पाच तास मी गप्प बसतो."